वाचकांचे प्रश्न : टॉम थॉमसनची पेटी, फळ्या आणि कॅनव्हास

गेल्या अंकात कॅनडाचा निसर्गचित्रकार टॉम थॉमसन (१८७७–१९१७) याच्यावर छोटं टिपण छापलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत त्याच्या मृत्यूबद्दलची विचारणाच जास्त आहे. तिचं उत्तर पुढे दिलंच आहे. पण थॉमसन समजून घ्यायचा तर त्याने रानात बसून रंगवलेल्या वीतभर फळ्यांपासून सुरुवात करायला हवी, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून त्या फळ्यांविषयीचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : थॉमसनने पाच वर्षांतच सगळं महत्त्वाचं काम केलं आणि तेही कला महाविद्यालयात न शिकता. हे कसं शक्य झालं?

पाच वर्षांचा हिशेब १९१२ पासून मांडतात, म्हणून ते चमत्कारासारखं वाटतं. त्याआधीची दहा वर्षं हिशेबात धरली की बराच उलगडा होतो. थॉमसनचा जन्म ५ ऑगस्ट १८७७ रोजी ओंटारिओ प्रांतातल्या क्लेअरमाँटजवळ झाला. दहा भावंडांत तो सहावा. बालपण ओवेन साउंडजवळच्या लीथ इथे शेतावर गेलं. १९०१ च्या सुमारास तो अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेला आणि तिथे छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या कंपनीत अक्षरलेखन व सजावटीच्या कामाला लागला. टोरांटोला परतल्यावर १९०८-०९ च्या सुमारास 'ग्रिप' या कंपनीत आला. जाहिराती, माहितीपत्रकं, पुस्तकांच्या पानांभोवतीच्या वेलबुट्टीच्या चौकटी असं तिथलं काम. जे. ई. एच. मॅक्डोनल्ड तिथला ज्येष्ठ चित्रकार होता आणि आर्थर लिस्मर, फ्रँकलिन कारमायकेल, फ्रेड वार्ली, फ्रँक जॉन्स्टन ही मंडळीही त्याच कंपनीत होती.

ब्लॉकसाठी चित्र काढणाऱ्याला बाह्याकार घट्ट धरावाच लागतो. बारीकसारीक छटा छपाईत टिकत नाहीत, टिकतो तो आकार. थॉमसनच्या 'नॉर्दर्न रिव्हर' (१९१४–१५) मधली स्प्रूसची झाडं पाहा. काळ्या खोडांची आणि फांद्यांची जाळी जवळजवळ सपाट आहे आणि तिच्या फटींतून मागची उजळ नदी दिसते. ही रचना जाहिरातीच्या टेबलावर तयार झालेल्या नजरेची आहे. या चित्राचा गुआश या अपारदर्शक जलरंगातला कच्चा आराखडाही शिल्लक आहे, आणि तो तर सरळसरळ डिझाइनरच्या हातचा वाटतो.

रंग मात्र त्याला उशिरा सापडला. १९१२ मधल्या फळ्या करड्या, तपकिरी, जराशा दबलेल्या आहेत. डोळ्यांचे डॉक्टर जेम्स मॅकॅलम यांनी त्याला आणि चित्रकार ए. वाय. जॅक्सनला एक वर्षाचा खर्च देऊ केला आणि नोकरी सुटली. जानेवारी १९१४ मध्ये टोरांटोतली 'स्टुडिओ बिल्डिंग' सुरू झाली, तिथे जॅक्सन आणि थॉमसन एका खोलीत काम करू लागले. जॅक्सन फ्रान्समध्ये शिकून आलेला. रंग पॅलेटवर घोटून मळवण्यापेक्षा शुद्ध रंगाचे फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे, हे त्याच्याकडून थॉमसनने उचललं. त्याच शरद ऋतूत जॅक्सन, लिस्मर आणि वार्ली यांच्याबरोबर ओंटारिओतल्या अल्गाँक्विन पार्क या वनोद्यानात काढलेली स्केचेस १९१२ च्या फळ्यांशेजारी ठेवली, तर दोन वेगळे चित्रकार वाटावेत इतका फरक आहे.

प्रश्न : त्याची स्केचिंगची पेटी कशी होती? तशी पेटी करून बाहेर चित्र काढायचं असेल तर मापं आणि कृती द्याल का?

थॉमसनची सुरुवातीची स्केचेस साधारण १७ × २५ सेंटिमीटरची आहेत. १९१४ च्या शरदापासून त्यांचं माप बहुतेक वेळा २१.६ × २६.७ सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ बाय साडेदहा इंच. हे माप पेटीने ठरवलं होतं. पेटी मांडीवर किंवा कॅनूच्या (वल्ह्याच्या अरुंद होडीच्या) आडव्या फळीवर ठेवायची, झाकण उभं करायचं, झाकणाच्या खाचेत फळी बसवायची आणि खालच्या भागात पॅलेट. काम झालं की ओली फळी झाकणातल्या मागच्या खाचेत सरकवायची आणि पेटी बंद करायची. कॅनू आणि सामान खांद्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे चालत जाणाऱ्या माणसाला याहून मोठं काही परवडलं नसतं.

तशी पेटी करायची असेल तर मापं अशी धरा. फळ्या ३ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडच्या, २१६ × २६७ मिलिमीटर. एका फळीचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत राहतं. झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या निदान १२ मिलिमीटर जाड घ्या आणि त्यांत ४ मिलिमीटर खोल, ४ मिलिमीटर रुंद अशा तीन-तीन खाचा पाडा. फळी ३ मिलिमीटरची असली तरी अस्तर दिल्यावर ती जाड होते, दमट हवेत फुगते, आणि नेमकी खाच पाडली असेल तर ऐन वेळी अडकून बसते. दोन बाजूपट्ट्यांमधलं आतलं अंतर २१० मिलिमीटर ठेवा. दोन्हीकडच्या खाचा धरून २१८ होतात आणि २१६ ची फळी मोकळी सरकते. दोन फळ्यांमध्ये ८ मिलिमीटर जागा सोडा. तेवढीच जागा सर्वांत पुढची फळी आणि पॅलेट यांच्यामध्येही हवी. म्हणजे झाकणाची आतली खोली ३५ मिलिमीटर पुरते. ही जागा कमी पडली की जाड रंगाचे उंचवटे पुढच्या फळीच्या पाठीला चिकटतात आणि दिवसभराचं काम खरवडून निघतं. पहिल्यांदा पेटी करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच फसतं.

फळीला अस्तर दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना द्यायचं. एकाच बाजूला दिलं तर दुसरी बाजू ओलावा शोषते आणि फळीला बाक येतो. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) दोन पातळ हात पुरतात. लाकडाचाच रंग चित्रात वापरायचा असेल तर जेसोऐवजी शेलॅकचे (लाखेच्या वॉर्निशचे) दोन पातळ हात द्या. अस्तराशिवाय रंगवलं तर लाकूड तेल पिऊन टाकतं, रंग दुसऱ्या दिवशी मेल्यासारखा कोरडा, फिका दिसतो आणि पुढे भुगा होऊन सुटू लागतो.

स्वतः थॉमसनने एकच पृष्ठभाग वापरला असं नाही. लाकडाच्या पातळ फळ्या, लाकडाच्या लगद्याचे दाबलेले बोर्ड, कॅनव्हास चिकटवलेला पुठ्ठा, आणि १९१७ च्या वसंतात तर खोक्यांच्या लाकडाचे साधारण १३ × १८ सेंटिमीटरचे तुकडेही. लगद्याचा बोर्ड मुळातच तपकिरी-करडा असतो. त्या रंगाचा त्याने मधल्या छटेसारखा उपयोग करून घेतला आहे. त्याच्या फळ्यांवर फटकाऱ्यांच्या मध्ये उघडी जागा दिसते ती काम राहून गेल्यामुळे नव्हे. त्या जागेला झाडांमधल्या सावलीचं किंवा खडकाचं काम दिलेलं असतं.

आता रंगवण्याचा क्रम. ब्रश तीनच घ्या, सपाट आणि राठ केसांचे, ६ ते १० नंबरमधले. बारीक ब्रश जवळ ठेवला की हात नकळत पानं मोजायला लागतो. आधी किनारा, टेकडीची कड आणि मुख्य झाड यांचे गडद आकार पातळ रंगाने मांडा. मग पाणी आणि जमीन. आकाश शेवटी, जाड रंगाने, फांद्यांच्या मधून कापत आणायचं. थॉमसनच्या अनेक फळ्यांवर आकाशाचे फटकारे फांद्यांच्या कडेवर चढलेले स्पष्ट दिसतात. झाडाचा आकार तो आकाशाने कोरून काढतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी आकाश भरून मग त्याच्या ओल्या रंगावर गडद फांदी ओढली, तर फांदी करडी होते आणि आकाश घाण होतं.

टर्पेंटाइन फक्त पहिल्या मांडणीत. वरच्या थरात ते ओतलं की रंग घसरतो आणि फटकारा उभा राहत नाही. थंडीत रंग ट्यूबमधून निघेनासा होतो, तेव्हा त्यात तेल वाढवण्यापेक्षा ट्यूब कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. काम तासाभरात उरका. त्यानंतर प्रकाश इतका बदललेला असतो की फळीच्या डाव्या बाजूला एक वेळ आणि उजव्या बाजूला दुसरी वेळ येते.

प्रश्न : त्याचा पांढरा रंग कुठला? आज त्याच्या जागी काय वापरावं?

थॉमसनच्या रंगांचं रासायनिक पृथक्करण झालेलं आहे आणि त्यात 'फ्रीमन्स व्हाइट' नावाच्या पांढऱ्याचा माग लागतो. हा लेड सल्फेट आणि झिंक ऑक्साइड यांचं मिश्रण असलेला इंग्लिश बनावटीचा रंग होता. आज त्याच्या मागे लागायचं कारण नाही. शिशाची संयुगं विषारी असतात आणि रानात हात धुवायची सोय नसते. टायटॅनियम व्हाइट घ्या. नुसता झिंक व्हाइट जाड थरात टाळा. तो तेलाशी संयोग पावून वर्षांनुवर्षं कडक होत जातो, मग तडकतो आणि खालच्या थरापासून सुटतो. टायटॅनियमची झाकण्याची ताकद मोठी असल्यामुळे तो नेहमीच्या सवयीपेक्षा कमी घालावा लागतो, नाहीतर सगळं चित्र खडूसारखं दिसतं.

प्रश्न : फळीवरच्या स्केचवरून 'द जॅक पाइन'सारखा मोठा कॅनव्हास तो कसा करत असे? चौकटी पाडून?

निव्वळ चौकटी पाडून ते झालेलं नाही, हे मापांवरूनच कळतं. 'द जॅक पाइन' (१९१६–१७) हा तळ्याकाठच्या एका पाइन वृक्षाचा कॅनव्हास १२७.९ × १३९.८ सेंटिमीटरचा आहे. स्केचची रुंदी त्या मापाला नेली, म्हणजे सव्वापाच पट केली, तर उंची ११३ सेंटिमीटर यायला हवी. प्रत्यक्षात ती जवळजवळ १५ सेंटिमीटरने जास्त आहे. आडव्या स्केचचं चित्र जवळपास चौरसाकडे झुकलं. 'द वेस्ट विंड' (१२०.७ × १३७.९) मध्येही तीच गोष्ट. याचा अर्थ मोठ्या चित्रात रचना नव्याने मांडावी लागली.

क्षेत्रफळाचा हिशेब केला तर कॅनव्हास फळीच्या ३१ पट आहे. फळीवर जो फटकारा एक सेंटिमीटर रुंद आहे, तो तितक्याच पटीने फुगवला तर पाच सेंटिमीटरचा होईल आणि रंग ओबडधोबड दिसेल. मूळचाच ठेवला तर हजारो फटकाऱ्यांची किचकिच होईल. मोठं चित्र करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच पडतो. थॉमसनने यातून काढलेली वाट फार विचारपूर्वक आहे. स्केचमध्ये ढगाळ, दबलेली हवा आहे. कॅनव्हासवर त्याने आकाश आणि पाणी लांब, आडव्या, जवळजवळ चौकोनी टोकांच्या पट्ट्यांनी भरलं. पिवळसर, हिरवट, गुलाबीकडे झुकणाऱ्या त्या पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, वीट रचावी तशा ठेवलेल्या आहेत. त्या शांत आडव्या पट्ट्यांवर झाडाच्या लोंबणाऱ्या फांद्यांची वळणदार काळीहिरवी नक्षी येते. म्हणजे सपाट भाग हिशेबी आणि झाड मोकळं. जाहिरातीच्या कामातली वळणदार रेषा इथे पुन्हा भेटते.

हे चित्र प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर आधी दहा पावलं लांब उभे राहा, मग हात लांब केल्यावर जेवढं अंतर राहतं तेवढं जवळ जा. लांबून पट्ट्या हवेसारख्या वाटतात. जवळून फांद्यांच्या कडेला आणि टेकड्यांच्या रेषेपाशी खालचा लालसर थर डोकावताना दिसतो. गडद हिरव्याशेजारी तो बारीक लाल काठ असल्यामुळे हिरवा जड होत नाही आणि आकाराची कड थरथरती राहते.

हाच परिणाम स्वतःच्या कामात हवा असेल तर अस्तर वाळल्यावर बर्न्ट सिएन्ना या तांबूस तपकिरी रंगामध्ये थोडा व्हर्मिलियन छटेचा लाल मिसळून पातळ हात द्या आणि तो पुरता वाळू द्या, तेलरंग असेल तर आठवडाभर तरी. मग वरचे दोन रंग एकमेकांना भिडवू नका, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्या. लाल थर ओला असताना वर काम केलं तर तो हिरव्यात मिसळून तपकिरी चिखल होतो. आणि सगळीकडेच फट सोडली तर ती युक्ती म्हणून डोळ्यांत खुपते. मोजक्या दोन-चार ठिकाणी सोडा.

मोठे कॅनव्हास तो हिवाळ्यात करत असे. १९१५ च्या अखेरीपासून स्टुडिओ बिल्डिंगच्या मागच्या लाकडी खोपटात तो राहायचा, भाडं महिना एक डॉलर. त्याच खोपटात 'द जॅक पाइन' आणि 'द वेस्ट विंड' झाले.

प्रश्न : त्याच्या चित्रांवर 'टीटी १९१७' असा शिक्का असतो. ती सगळी १९१७ मधली आहेत का? आणि नकली चित्र कसं ओळखावं?

तो शिक्का मृत्यूनंतरचा आहे. स्टुडिओत राहिलेल्या फळ्यांवर खूण राहावी म्हणून मॅक्डोनल्डने तो तयार केला. त्यामुळे १९१४ किंवा १९१५ च्या फळीवरही १९१७ दिसतं. चित्राचं साल त्यावरून ठरवता येत नाही. थॉमसन स्वतः स्केचवर क्वचितच सही करायचा, नाव किंवा तारीख तर जवळजवळ कधीच लिहायचा नाही. आज माहीत असलेली बहुतेक नावं मित्रांनी आणि नातेवाइकांनी नंतर दिलेली आहेत. फळीच्या पाठीवरचा मजकूरही बऱ्याचदा दुसऱ्याच्या अक्षरात असतो.

त्याच्या नावावर सुमारे चारशे स्केचेस आणि पन्नासच्या आसपास कॅनव्हास आहेत. 'अर्ली स्प्रिंग, कॅनू लेक' हे फळीवरचं स्केच २००९ मध्ये २७ लाख कॅनडियन डॉलरहून जास्त किमतीला गेलं, तेव्हा नकली माल निघणं ओघानेच आलं. शैलीवर वाद घालण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात. फळी 'मॅसोनाइट' या विशिष्ट बनावटीच्या दाबलेल्या बोर्डची असेल तर प्रश्न तिथेच संपला, कारण तो १९२४ चा शोध आहे. खालच्या थरात टायटॅनियम व्हाइट सापडला तर चित्र थॉमसनचं असणं जवळपास अशक्य, कारण चित्रकारांच्या ट्यूबमध्ये तो पहिल्या महायुद्धानंतर रुळला. थॅलो नावाचा कृत्रिम निळा किंवा हिरवा रंग आढळला तर ते १९३५ नंतरचं. वरच्या थरात हे रंग सापडले तर मात्र नंतरची डागडुजीही असू शकते, म्हणून नमुना कुठून घेतला याला फार महत्त्व. आणि चित्र हाती येईपर्यंतची मालकीची साखळी कागदावर दाखवता येते का, हे आधी विचारावं. नुसत्या शिक्क्यावर विसंबू नये. शिक्का बनवणं चित्र रंगवण्यापेक्षा सोपं.

प्रश्न : तो 'ग्रुप ऑफ सेव्हन'चा संस्थापक होता ना?

नाही. कॅनडाच्या निसर्गचित्रकारांचा हा गट १९२० मध्ये स्थापन झाला, तेव्हा थॉमसन जाऊन तीन वर्षं होत आली होती. पहिले सात म्हणजे कारमायकेल, लॉरेन हॅरिस, जॅक्सन, जॉन्स्टन, लिस्मर, मॅक्डोनल्ड आणि वार्ली. पण रानात जाऊन फळीवर स्केच आणि हिवाळ्यात त्यावरून कॅनव्हास, ही त्यांची कामाची रीत थॉमसनच्या सहवासातच पक्की झाली. १९१८ च्या शरदात हॅरिस, मॅक्डोनल्ड आणि जॉन्स्टन, डॉ. मॅकॅलमना घेऊन, रेल्वेच्या डब्यात मुक्काम करत अल्गोमा भागात स्केचिंगला गेले. पुढे हॅरिस लेक सुपिरिअरच्या उत्तर किनाऱ्याकडे आणि आर्क्टिककडे वळला. त्याचं काम जसजसं थंड आणि गुळगुळीत होत गेलं, तसतसं ते थॉमसनपासून दूर गेलं असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : थॉमसनने माणसाचा स्पर्श न झालेलं उत्तरेचं अरण्य रंगवलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का?

हे वाक्य पुन्हा पुन्हा छापलं जातं आणि त्याने थॉमसनचंही नुकसान होतं. अल्गाँक्विन पार्क १८९३ मध्ये स्थापन झालं ते लाकूडतोड सुरू असलेल्या प्रदेशात. मोठमोठे व्हाइट पाइन एकोणिसाव्या शतकातच तोडून नेले होते. थॉमसन जिथे राहायचा ते कॅनू लेकच्या काठचं मोवॅट हे गाव म्हणजे गिलमर या लाकूड कंपनीने वसवलेली आणि कंपनी बुडाल्यावर ओस पडलेली वस्ती. तिथे तो पोचायचा तो रेल्वेने. ओंडके वाहून नेता यावेत म्हणून धरणं बांधली होती, त्यामुळे पाणी वाढून काठची झाडं उभ्या उभ्या मेली होती. १९१२ मधलं 'ड्राउन्ड लँड' हे स्केच नेमकं असल्या बुडालेल्या जमिनीचं आहे. 'द ड्राइव्ह' मध्ये पाण्यातून ओंडके सोडले जाताहेत. 'फायर-स्वेप्ट हिल्स' (१९१५) हा वणव्यानंतरचा डोंगर. १९१६ मध्ये तर तो ग्रँड लेकवरच्या आक्रे इथे वणव्यांवर लक्ष ठेवणारा रेंजर म्हणून नोकरीच करत होता.

आणि हा प्रदेश मुळात अल्गाँक्विन लोकांचा. त्यांच्या शिकारीच्या आणि प्रवासाच्या वाटा या तळ्यांमधूनच जायच्या. थॉमसनच्या चित्रांत ते जवळजवळ दिसत नाहीत. रिकाम्या उत्तरेची जी प्रतिमा पुढे कॅनडाने राष्ट्रीय ओळख म्हणून मिरवली, तिच्यावर आज तिथले अभ्यासक आणि मूलनिवासी चित्रकार प्रश्न विचारतात ते योग्यच आहे. आमच्या मते थॉमसन मोठा ठरतो तो त्या प्रतिमेमुळे नाही. जळलेल्या, तोडलेल्या, पाण्याखाली गेलेल्या जमिनीकडेही त्याने सूर्यास्ताइतक्याच एकाग्रतेने पाहिलं. 'फायर-स्वेप्ट हिल्स' मध्ये राख, खडक आणि मेलेली खोडं यांच्या रंगांचे थर असे खाली घरंगळतात की उतार पायाखाली निसटतोय असं वाटतं. देखणेपणाची सवय लागलेल्या चित्रकाराच्या हातून हे झालं नसतं.

प्रश्न : त्याचा मृत्यू अपघात की खून?

जे नोंदलेलं आहे ते एवढं. ८ जुलै १९१७ रोजी तो कॅनू लेकवर कॅनूतून एकटा निघाला. कॅनू आधी सापडली, मृतदेह १६ जुलैला वर आला. तिथे सुटीवर असलेल्या डॉ. गोल्डविन हाउलंड यांनी तो तपासला. कानशिलावर सुमारे चार इंचांचा काळानिळा व्रण होता आणि कानातून रक्त आलेलं होतं. मरणाचं कारण त्यांनी बुडणं असं दिलं. कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, नंतर पोचला. त्याने मृतदेह न पाहताच अपघाती मृत्यूचा निर्णय दिला, कारण तोवर मोवॅटच्या छोट्या दफनभूमीत दफन उरकलं होतं. पुढे कुटुंबाच्या सांगण्यावरून शव उकरून लीथला नेण्यात आलं. १९५६ मध्ये काही लोकांनी कॅनू लेकची ती जागा खणली, तेव्हा एक सांगाडा निघाला. तपासणीत तो मूलनिवासी पुरुषाचा असल्याचं सांगण्यात आलं, आणि तर्कवितर्क पुन्हा पेटले.

आठ दिवस उन्हाळ्याच्या पाण्यात राहिलेल्या शरीरावरच्या खुणेवरून शंभर वर्षांनी खुनी शोधता येत नाही. संशयितांची नावं घेऊन लिहिलं गेलेलं बरंचसं मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींवर उभं आहे. अपघाताचा निर्णय खोडून काढेल असा पुरावा पुढे आलेला नाही. यापलीकडे या स्तंभात जाणार नाही.

प्रश्न : चित्रं आणि त्या जागा पाहायच्या तर कुठे, कधी जावं?

ओटावाच्या नॅशनल गॅलरीत 'द जॅक पाइन', 'नॉर्दर्न रिव्हर', 'स्प्रिंग आइस' आणि डॉ. मॅकॅलम यांनी मृत्युपत्राने दिलेल्या संग्रहातली पुष्कळ स्केचेस आहेत. टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओत 'द वेस्ट विंड', 'अ नॉर्दर्न लेक' आणि 'ड्राउन्ड लँड'. टोरांटोच्या वायव्येला क्लाइनबर्ग इथल्या मॅकमायकेल संग्रहालयाच्या आवारात त्याचं खोपट हलवून आणलेलं आहे. ओवेन साउंडला त्याच्या नावाची गॅलरी आहे. 'द जॅक पाइन'चं स्केच मात्र ओटावात शोधू नका. ते क्वीन्स्टनच्या रिव्हरब्रिंक संग्रहालयाकडे आहे. चित्रं फिरत्या प्रदर्शनांत जातात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. स्केचेस पाहताना काचेवर उजेड चमकत असेल तर थोडं बाजूला सरकून तिरकं पाहा. रंगाचे उंचवटे आणि उघडं लाकूड तेव्हाच दिसतं.

अल्गाँक्विन पार्कमध्ये रंगांसाठी जायचं तर ऋतूची पक्की माहिती हवी. शुगर मेपलचा लाल-केशरी बहर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो. बर्च आणि अ‍ॅस्पेनचा पिवळा त्यानंतर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तामरॅक हा सुया झडणारा सूचिपर्णी वृक्ष ऑक्टोबरच्या मध्यावर सोनेरी होतो, तोवर मेपल उघडे पडलेले असतात. थॉमसनने हे तिन्ही टप्पे रंगवले आहेत, त्यामुळे स्केचमधल्या झाडावरून महिन्याचा अंदाज बांधता येतो. बर्फ फुटण्याचे दिवस एप्रिलच्या अखेरीस येतात. मे-जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्यांचा त्रास इतका असतो की ओल्या रंगातही त्या चिकटतात. तेव्हा बसून काम करायचं तर डोक्यावरून जाळी लागते.

कॅनू लेकला हायवे ६० वरून जाता येतं. तळ्याच्या दक्षिण टोकाच्या धक्क्यावर कॅनू भाड्याने मिळतात. मॅक्डोनल्ड आणि चित्रकार जे. डब्ल्यू. बीटी यांनी सप्टेंबर १९१७ मध्ये उभारलेला दगडी स्मृतिस्तंभ हेहर्स्ट पॉइंटवर आहे. तिथे पाण्यातूनच जावं लागतं. सकाळी लवकर निघा, दुपारी वारा चढला की परतीला लाटा आडव्या येतात. आक्रे मात्र पार्कच्या पूर्व बाजूला, पेम्ब्रोककडून आत शिरल्यावर लागतं. हायवे ६० वरून तिकडे थेट रस्ता नाही, त्यामुळे दोन्ही जागा एका दिवसात बसवू नका. आक्रेच्या तंबूतळापासून एक छोटी पायवाट 'द जॅक पाइन'च्या जागेपर्यंत जाते. ते झाड आता नाही, पण पलीकडच्या टेकडीची कड चित्राशी ताडून पाहता येते. चित्राची छापील प्रत बरोबर न्या. पार्कचा परवाना आगाऊ काढावा लागतो, शरदातले शनिवार-रविवार लवकर भरतात.